मदत हवी आहे: न्यायमूर्तींची श्रद्धा निकालपत्रात मोजायची कशी?

औरंगाबाद खंडपीठाच्या धर्मविषयक निकालांवर प्रबंध चाललाय. अमेरिकेत नेमणूक करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या पक्षावरून न्यायाधीशाचा कल धरतात; आपल्याकडे न्यायमूर्तींची निवड ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ (कॉलेजियम) करतं, त्यामुळे ती खूणच नाही. आडनावावरून धर्म लावून पाहिला, पण धर्म म्हणजे श्रद्धा थोडीच? शिवाय रोस्टर (कोणत्या न्यायमूर्तींपुढे कोणती प्रकरणं, याची वाटणी) मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, प्रकरणं चिठ्ठ्या टाकून वाटली जात नाहीत, त्यामुळे नुसती टक्केवारी फसवी.

ऑगस्ट २०२० चा तबलिगी निकाल घ्या, म्हणजे कोरोनाकाळात तबलिगी जमातशी संबंधित परदेशी नागरिक व इतरांवर दाखल झालेल्या गुन्ह्यांचा. गुन्हे रद्द करण्यावर दोन्ही न्यायमूर्ती सहमत, तरी एकाने काही निरीक्षणांशी असहमती वेगळी नोंदवली. रकान्यात 'मंजूर' लिहिलं की हा फरकच गायब!

मुलाखती शक्य नाहीत, फक्त निकालपत्रं आहेत. मग निकालाऐवजी कारणमीमांसेचा एकेक परिच्छेद कोड करायचा (ठरलेल्या वर्गांत नोंदवायचा) तर रकाने कोणते ठेवावेत?