मदत हवी आहे: ब्लूमिंग्टनला जातोय, दोन लहान मुलं, घर कुठे बघू?

मृण्मयी_पुणे
नमस्कार. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. यांना ब्लूमिंग्टनच्या युनिव्हर्सिटीत जागा मिळाली आहे. १५ ऑगस्टच्या आत हजर व्हायचंय. घर इथूनच ठरवावं लागणार. एक घर बरं वाटतंय, कॉलेज अव्हेन्यूच्या जवळ आहे, पण मालक म्हणतो दोन दिवसांत सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो. भाग चांगला आहे का? शाळा कशा आहेत? कार लगेच लागते का? प्लीज तिथे राहिलेल्यांनीच सांगा. यूट्यूब बघून बघून डोकं उठलंय.

खादाड_बोका
अभिनंदन! मुलांची वयं? बजेट? व्हिसा कोणता? यातलं काहीच नाही लिहिलंत. पत्रिका न देता गुण जुळवायला सांगताय. (हलके घ्या.)

मृण्मयी_पुणे
मोठा २० सप्टेंबरला पाच पूर्ण होईल, धाकटी दीड वर्षाची. बजेट म्हणजे स्वस्त आणि मस्त. कॉलेज अव्हेन्यूबद्दल कुणी सांगेल का?

शिरीष_काका
मी ब्लूमिंग्टनला सहा वर्षं काढली. बिनधास्त या. ब्लूमिंग्टन आणि नॉर्मल ही जुळी गावं आहेत. होय, गावाचं नावच नॉर्मल, त्यावरचे सगळे विनोद करून झालेत. कॉलेज अव्हेन्यू नॉर्मलमधला मोठा रस्ता, विद्यापीठ तिथेच. स्टेट फार्म या विमा कंपनीचं मुख्यालय गावात असल्यामुळे आयटीतली आपली माणसं खंडीभर. रिव्हियनचा गाड्यांचा कारखानाही नॉर्मललाच, पूर्वी तो मित्सुबिशीचा होता. मुलांसाठी कॉन्स्टिट्यूशन ट्रेलवर सायकल, मिलर पार्कमधलं छोटं प्राणिसंग्रहालय. शाळा दोन शाळा-जिल्ह्यांत वाटल्यात, युनिट ५ आणि डिस्ट्रिक्ट ८७, तेव्हा घराचा पत्ता आधी तपासा. शिकागोला रेल्वे आहे, अडीच तासांच्या आत पोचता. पटेल ब्रदर्सला जाऊन पोतं भरून डाळ-तांदूळ आणायचे की महिनाभर चिंता नाही.

मृण्मयी_पुणे
वा काका, जीव भांड्यात पडला. म्हणजे कॉलेज अव्हेन्यू चालेल ना? मालकाला हो कळवू?

भिजलेली_वही
थांबा. इलिनॉयमध्ये १ सप्टेंबरला पाच पूर्ण असावे लागतात, तरच किंडरगार्टनला (पहिलीच्या आधीच्या वर्गाला) सरळ प्रवेश. तुमचा मुलगा एकोणीस दिवसांनी चुकतोय. म्हणजे एक वर्ष प्रीस्कूल, आणि ते पैसे भरून. दीड वर्षाच्या मुलीचं डेकेअर धरलंत तर दोन्ही मिळून घरभाड्याच्या वर जातील. आधी हिशोब करा, घर नंतर.

खादाड_बोका
माझे प्रश्न अजून तिथेच आहेत. व्हिसा? नेमकी कोणती युनिव्हर्सिटी?

मृण्मयी_पुणे
आययू. जे-१ व्हिसा आहे, पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. मी यांच्यामागे जे-२ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. पण मला घराबद्दल विचारायचं होतं, बाकीचं आम्ही बघू.

शिरीष_काका
आययू नाही हो, आयएसयू. इलिनॉय स्टेट.

मृण्मयी_पुणे
नाही काका, ऑफर लेटरवर इंडियाना युनिव्हर्सिटी लिहिलंय.

राघू_वळसे
😀😀😀 काकांनी अर्ध्या धाग्यात चुकीच्या राज्यात नेऊन पोचवलं.

सायली_एस
मृण्मयीताई, हसू नका, रडू पण नका. अमेरिकेत ब्लूमिंग्टन बरीच आहेत. ज्या घराला हो म्हणणार आहात त्याचा झिप कोड, म्हणजे तिथला पिनकोड, सांगा. फक्त पहिले दोन आकडे सांगितलेत तरी चालेल.

मृण्मयी_पुणे
६१.

सायली_एस
झिप ६१ ने सुरू होतो म्हणजे ते घर इलिनॉयमध्ये आहे. इंडियानाच्या ब्लूमिंग्टनचे झिप ४७४ ने सुरू होतात. कॉलेज अव्हेन्यू दोन्हीकडे आहे, म्हणून गडबड झाली. दोन गावांत दोनशे मैलांच्यावर अंतर आहे. यांना रोज पुण्याहून सोलापूरच्याही पुढे कामाला जावं लागलं असतं, आणि घड्याळही एक तास पुढे. मालकाला आत्ताच्या आत्ता नाही म्हणा.

मृण्मयी_पुणे
अगं बाई. डिपॉझिट उद्या सकाळी पाठवणार होते. हात थरथरतायत. यांना अजून सांगितलं नाहीये, ते लॅबमध्ये आहेत. तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

शिरीष_काका
माफ करा, चूक माझी. पण नावाच्या मागे राज्य लिहायला काय झालं होतं? मी आपला भोळेपणाने.

राघू_वळसे
काका, भोळेपणा नाही, सहा वर्षांची आठवण उतू गेली.

इंदूची_आई
आम्ही २०१३ ते २०१७ इंडियानाच्या ब्लूमिंग्टनमध्ये होतो, नवरा तिथेच पोस्टडॉक. आता नीट सांगते. गावाची वस्ती जेमतेम ऐंशी हजार, त्यात विद्यार्थी आले की गर्दी होते. इंडियानापोलिसचा विमानतळ साधारण पन्नास मैलांवर. गावात तुम्हाला हवी ती बाजू म्हणजे पूर्वेची, कॉलेज मॉलच्या आसपासची. तिथे कुटुंबं जास्त, रात्री शांतता. कर्कवुड रस्त्याजवळ घर घेऊ नका, शनिवारी रात्री विद्यार्थ्यांचा दंगा आणि सकाळी अंगणात लाल प्लॅस्टिकचे पेले. विद्यापीठाची स्वतःची कुटुंबांसाठीची घरंही आहेत, कॅम्पस व्ह्यू आणि ट्यूलिप ट्री, तिथे यादीत नाव घालता येतं का ते पोस्टडॉक ऑफिसला विचारा. आमच्या वेळी ट्यूलिप ट्रीच्या लिफ्टमध्ये एका फेरीत पाच भाषा ऐकू यायच्या. माझी इंदू चायनीज मुलीकडून झाडाची नावं शिकून आली, मला अजून येत नाहीत.

शाळेचं म्हणजे पत्त्यावर शाळा ठरते. मनरो काउंटीच्या, म्हणजे या ब्लूमिंग्टनच्या भागातल्या, शाळा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सुरू होतात, तुम्ही पोचाल तेव्हा सुरू झालेल्या असतील. भिजलेली_वही यांनी सांगितलेली १ सप्टेंबरची तारीख इलिनॉयची आहे, इंडियानाचं वेगळं आहे. शाळा-जिल्ह्याच्या ऑफिसला मुलाची जन्मतारीख लिहून मेल टाका, उत्तर देतात. तसंही इंडियानात सक्ती सातव्या वर्षापासून आहे, वर्ष राहिलं तर आभाळ कोसळत नाही. सार्वजनिक वाचनालय कर्कवुडवर, लहान मुलांचा भाग फार छान, आणि फोर्थ स्ट्रीटवर वंडरलॅब म्हणून मुलांचं विज्ञान संग्रहालय. थंडीत आम्ही त्या दोघांच्या जिवावर जगलो. पहिल्या जानेवारीत तर वाचनालयातल्या माशांच्या टाकीसमोर इंदूने रोज तास काढला असेल.

पाणीपुरी_प्रेमी
कुकर नेताय का? दोन न्या. एक साडेतीन लिटरचा आणि एक पाच. रिंगा आणि शिट्या जास्तीच्या घ्या, तिथे मिळतात पण किंमत बघून डोळे पांढरे होतात.

खादाड_बोका
कुकर कुणी विचारला?

पाणीपुरी_प्रेमी
विचारला नाही म्हणून सांगतेय. आणि पोळपाट-लाटणं बॅगेत. केबिन बॅगेत लाटणं ठेवू नका, माझं काढून घेतलं होतं.

भिजलेली_वही
अहो इथे मुख्य मुद्दा खर्चाचा आहे. पोस्टडॉकच्या पगारावर दोन लहान मुलं घेऊन परदेश म्हणजे वेडेपणा आहे. मी तर म्हणते यांनी एकट्याने जावं, तुम्ही आईकडे रहा, वर्षभराने बघा.

इंदूची_आई
काही वेडेपणा नाही. आम्ही केलं. कमी पैशात राहिलो, पण माणसं जवळ होती. आणि दीड वर्षाच्या पोरीला वर्षभर बाप स्क्रीनवर दाखवायचा? तुम्ही कुणाच्या संसारात इतकं ठामपणे बोलू नका.

भिजलेली_वही
मी हिशोब सांगत होते. बरं, गप्प बसते.

सायली_एस
दोघीही थोड्या थोड्या बरोबर आहात. जे-२ वर नोकरीची परवानगी मिळते, पण तिथे पोचल्यावर अर्ज करावा लागतो आणि काही महिने जातात. तेवढा काळ एकाच पगारावर निघेल असंच घर घ्या. आरोग्य विमा फक्त यांचा नाही, तुम्हा तिघांचाही जे-१ च्या नियमात सक्तीचा आहे, पगारातून किती कापला जाईल ते आधी विचारा. आणि व्हिसा स्टॅम्पवर दोन वर्षं भारतात परत यायची अट आहे का ते बघा. पुढे अमेरिकेतच नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहायचं असेल तर ती आडवी येते.

डॉक्टर_उघडी_खिडकी
मी बालरोगतज्ज्ञ, नगरला. घर होईल, पण लसींचं कुणीच बोललं नाही. इंडियानात किंडरगार्टनला डीटॅपचे (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) पाच, पोलिओचे चार, हिपॅटायटिस बीचे तीन, हिपॅटायटिस एचे दोन, एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन आणि कांजिण्यांचे दोन डोस लागतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात हिपॅटायटिस ए आणि कांजिण्या नसतात, खासगी डॉक्टरांकडे घेतल्या असतील तरच. एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते: १ एप्रिल २०१६ पासून दिलेले पोलिओचे तोंडाचे थेंब अमेरिकेत धरत नाहीत, कारण त्यात पोलिओच्या विषाणूच्या तीनपैकी दोनच प्रकारांची लस असते. त्यामुळे इंजेक्शनचे डोस किती झाले ते मोजा. लसीचं कार्ड इंग्रजीत, तारीख पूर्ण, डॉक्टरांचा शिक्का. आणि बीसीजी (टीबीची लस) घेतलेली असली की टीबीची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्ताची चाचणी मागा.

मृण्मयी_पुणे
डॉक्टर, खूप खूप आभार. कार्ड काढलं. धाकटीच्या कार्डावर पोलिओचं एक इंजेक्शन आहे आणि बाकी सगळे थेंब. मोठ्याच्या कार्डावर तारखा पेनाने, निम्म्या पावसात भिजून पुसल्या आहेत. उद्या कोथरूडच्या डॉक्टरांकडे जाते. घर बाजूलाच राहिलं, खरं काम हे निघालं.

डॉक्टर_उघडी_खिडकी
धाकटीला डेकेअरला घालणार असाल तर तिथेही कार्ड मागतील. तिचंही इथेच उरकून घ्या.

राघू_वळसे
कार? कारबद्दल कुणी सांगा. मी ऑगस्टमध्ये जातोय, मिशिगनला.

खादाड_बोका
नवा धागा काढा.

इंदूची_आई
कार लागतेच, आज नाही तर नोव्हेंबरात. आमच्या वेळी रविवारी बस नव्हती, आणि बर्फात स्ट्रोलर ढकलून बघा. पण पहिले दोन महिने बस आणि ओळखीच्यांवर निघतात. कार सीट मात्र पहिल्या दिवसापासून हवी, विमानतळावरून घरी नेणाऱ्याच्या गाडीतसुद्धा. इंडियानात आठ वर्षांखालच्या मुलांना सक्तीची आहे. लायसन्ससाठी लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा होतात, नियमपुस्तक आधीच वाचून घ्या. आम्ही जुनी कोरोला घेतली, दार उघडायला आतून लाथ मारावी लागायची.

आणि ऑगस्टच्या मध्यावर भाडेकरार बदलतात. विद्यार्थी जाता-येता फुटपाथवर सोफे, टेबलं, दिवे ठेवतात. आमचं स्वयंपाकघरातलं टेबल तिथलंच. मात्र गादी कधीच उचलू नका. ढेकूण घरात आले की पैसे वाचल्याचा आनंद विसरता. मी एक सोफाही आणला नाही, लाकडाचं काय ते घेतलं.

पाणीपुरी_प्रेमी
ताई, टेबल बघून घ्या, कुकर ठेवायला जागा हवी.

मृण्मयी_पुणे
दहा दिवसांनी परत लिहितेय. कॉलेज मॉलच्या बाजूला दोन बेडरूमचं मिळालं, झिप ४७४०१, तीनदा तपासला. यांच्या लॅबमधला एक मुलगा स्वतः जाऊन बघून आला, नळ चालू करून व्हिडिओ पाठवला. मग करार केला, पैसे नंतर. शाळा-जिल्ह्याने कळवलंय की आल्यावर कागद घेऊन भेटा. दोघांचे पोलिओ आणि हिपॅटायटिस एचे डोस झाले, मोठा पाच मिनिटं रडला आणि मग पेढा मागितला. मोठ्याच्या कार्डाची पुसलेली पानं डॉक्टरांनी त्यांच्या रजिस्टरवरून पुन्हा लिहून दिली. यांना चुकीच्या घराची गोष्ट काल सांगितली. ते अर्धा मिनिट गप्प होते, मग म्हणाले, बरं झालं, मीही नकाशा बघितला नव्हता.

शिरीष_काका
शाब्बास! कधी शिकागोला आलात तर कळवा. थोडी वाट वाकडी केलीत की ब्लूमिंग्टन लागतं. आमचं.

नाना_फाटक्या_छत्रीचे
शीर्षक वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. ब्लूमिंग्टनला मुलांची चंगळ आहे! मॉल ऑफ अमेरिका तिथेच, आत रोलरकोस्टर आहे. थंडी मात्र भयंकर, मिनेसोटाची. घर मॉलजवळच बघा.

खादाड_बोका
नाना.