ड्रिप म्हणजे नुसती वावरातली नळी का? नेमका अर्थ अन सारखे शब्द सांगजा

कास्तकार_आर्वी
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातून लिहून रायलो, कपाशी अन तूर आहे, इंग्रजी आपलं दहावीपर्यंतचं. पोरगी सातवीत आहे, सेमीले. तिले शाळेतून शब्द आले होते, अर्थ लिहा, त्याच्यासारखे पाच शब्द लिहा अन वाक्यात वापरा. त्यात एक शब्द होता ड्रिप. तिनं लिहिलं 'पिकाले पाणी द्यायची काळी नळी' अन वाक्य बनवलं की बाबानं कपाशीत ड्रिप टाकली. त्याच्यावर लाल पेननं काट, बाजूले नुसतं 'चूक'. पोरगी रात्री धड जेवली नाही. काट मारली तर मारा, पण बरोबर काय ते तरी लेकराले सांगा ना. आमच्या घरी हा शब्द दिवसातून दहा वेळा निघते, ड्रिप चोक झाली, ड्रिप गुंडाळून ठेव, उंदरानं ड्रिप कुरतडली, मग तो चूक कसा? आईले सलाईन लावली होती तवा डॉक्टर पण ड्रिपच म्हणत होते. अन पुतण्या म्हणते की आता पोट्टे कपड्याले पण ड्रिप म्हणतात. पोरीले समजेल असं सांगजा, मले पण समजून घ्यायचं आहे.

वऱ्हाडी_मास्तर
दादा, पहिले लेकीला सांगा की तिचं उत्तर अर्धं बरोबर आहे. ड्रिप म्हणजे मुळात द्रव पदार्थ थेंबाथेंबानं पडणं. एक थेंब पडला, जरासा थांबला, मग दुसरा. आपण ठिबकणं म्हणतो, टपकणं म्हणतो. नळाचं वायसर गेलं की रात्रभर खाली बादलीत टप टप चालते ना, तेच ड्रिप, आणि तो टपटप आवाजसुद्धा ड्रिपच. वावरातल्या पद्धतीचं पूर्ण नाव ड्रिप इरिगेशन, म्हणून मराठीत ठिबक सिंचन. आपण लांब नावाचा पुढचा तुकडा तोडून घेतला आणि तो नळीला लावला. बोलण्यात त्यात काहीच चूक नाही, सगळा विदर्भ असंच बोलतो, पण इंग्रजीच्या पेपरात त्या नळीला लॅटरल नाहीतर ड्रिप लाइन लिहावं लागेल.

आता सारखे शब्द. यादी पाठ करायला लावू नका, तिला घराभोवती फिरवा, सगळे शब्द तिथंच सापडतील. छपराचं कवेलू, म्हणजे कौल, फुटलं आणि जिथून यायला नको तिथून पाणी घरात आलं तर ते लीक, गळणं. नाल्याच्या रेतीत झिरा खणला की बाजूनं गुपचूप पाणी जमा होते ते सीप, झिरपणं. बाभळीच्या खोडातून डिंक येतो तो इतका घट्ट की पडतच नाही, नुसता फुगून बाहेर येतो, त्याला ऊझ. लहान लेकराची लाळ गळते ती ड्रिबल, म्हणून तर लाळेरं बांधतो. कपाळावरून घामाची बारीक ओघळ येते, मधात तुटत नाही, ते ट्रिकल. झाले पाच. परीक्षेत हे सगळे ड्रिपचे समानार्थी म्हणून चालतात पण खरं पाहिलं तर एकाची जागा दुसरा घेत नाही, पदार्थ किती घट्ट, कुठून निघाला आणि धार तुटते की नाही यावर शब्द बदलतो. आपल्या बोलीत पण तसंच आहे ना, माठ पाझरतो म्हणतो, माठ टपकतो म्हटलं तर घरचे समजतील माठाला भोक पडलं.

एका ठिकाणी पोरं हमखास फसतात. आपण म्हणतो मोह टपकला. पण मोहफुलाला इंग्रजीत ड्रिप लागत नाही, ड्रॉप लागतो. ड्रिप फक्त पातळ पदार्थाला, ड्रॉप कशालाही. दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतल्या एकाच घराण्यातले आहेत म्हणून दिसायला भाऊ-बहीण वाटतात.

अजून एक मला फार आवडणारी गोष्ट सांगतो. चोरून ऐकण्याला इंग्रजीत ईव्ह्जड्रॉप म्हणतात. ईव्ह्ज म्हणजे वळचण. पावसात वळचणीवरून पागोळ्या पडतात, त्या जिथं पडतात ती भिंतीलगतची जागा म्हणजे जुना ईव्ह्जड्रॉप, आणि तिथं भिंतीला चिकटून उभा राहून जो घरातलं बोलणं ऐकतो तो ईव्ह्जड्रॉपर. लेकीला वळचणीखाली उभं करून सांगा, जन्मभर विसरणार नाही.

सिस्टरताई
सलाईनचं मी सांगते, पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. बाटलीच्या खाली नळीत एक छोटी पारदर्शक डबी असते बघा, तिला ड्रिप चेंबर म्हणतात, त्यात थेंब पडताना दिसतो. त्यावरूनच अख्ख्या प्रकाराला ड्रिप नाव पडलं. आम्ही घड्याळ धरून तेच थेंब मोजतो. साध्या सेटला २० थेंबांचं १ मिली होते, लहान लेकरांच्या मायक्रो सेटला ६० थेंबांचं. म्हणजे ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्यायची असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडले पाहिजेत. नातेवाईक लोक लवकर घरी जायचं म्हणून मागून चाक फिरवून धार वाढवतात, कृपा करून असं कोणी करू नका, म्हाताऱ्या माणसाला आणि हृदयाच्या पेशंटला ते झेपत नाही, दम लागतो. आणि पोलिओचे दोन थेंब ते ड्रॉप्स, ड्रिप नाही, कारण ते मोजून दोनच द्यायचे असतात. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला तरी आम्ही अजून पाजतो. डोळ्यात टाकतो ते पण ड्रॉप्सच.

संत्रावाला_वरूड
मास्तरचं बाकी सगळं पटलं पण 'एक पडला, थांबला, मग दुसरा' हे वावरात येऊन पाहा म्हणा. माझ्याकडं संत्र्याले ४ लिटरचे ड्रीपर आहेत, नळीवर पाणी सोडायची बारकी तोंडं असतात ती, अन ४ लिटरचे म्हणजे तासाले ४ लिटर. सीझनच्या सुरवातीले मी प्रत्येक ओळीच्या शेवटच्या झाडापाशी ड्रीपरखाली लिटरचं माप ठेवतो, १५ मिनिटांत भरलं पायजे, नाई भरलं तर समजायचं क्षार जमले नाईतर मधात कुठं नळी फुटली. आता सिस्टरच्या हिशोबानं पाहा, २० थेंबांचं १ मिली तर लिटरचे झाले २० हजार थेंब, ते १५ मिनिटांत. सेकंदाले २२ पडले. डोळ्यानं मोजता येत नाई, बारीक धारच दिसते. मग हे ड्रिप का ट्रिकल?

अन आमच्याकडं अजून एक गळ आहे, फळगळ. तिले कृषी विभागाच्या कागदावर फ्रूट ड्रॉप लिहितात, तिथं मास्तरचं बरोबर आहे. संत्र्याचं खोड चिरून डिंक येते तो डिंक्या, बुरशीचा रोग, त्याले आम्ही बोर्डो पेस्ट, मोरचूद अन चुन्याचा लेप, लावतो. ते ऊझ, आज समजलं. इतके वर्ष झाले डिंक पाहून रायलो पण त्याले वेगळा शब्द असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

वऱ्हाडी_मास्तर
संत्रावाले दादा, तुमचं माप पक्कं आहे, माझं वाक्य नळाला लागू होतं, ड्रीपरला नाही. आणि तुम्ही विचारलं ते अगदी खरं निघते, इंग्रजी पुस्तकांत ठिबकला ट्रिकल इरिगेशन असं दुसरं नाव आहेच. दोन्ही चालतात, ड्रिप जास्त रुळलं. मराठीत 'ठिबक' ठेवलं ते मला जास्त गोड वाटते, शब्दातच आवाज आहे. सरकारी योजनेचं नाव मात्र 'प्रति थेंब अधिक पीक', इंग्रजीत पर ड्रॉप, तिथं ड्रिप नाही, कारण तिथं मोजायचा आहे थेंब, पडण्याची रीत नाही.

पोट्टा_नागपूरचा
काका कपड्यांचं खरं आहे. भारी बूट, जॅकेट, चेन असा पूर्ण लूक असला की त्याला ड्रिप म्हणतात, अमेरिकेतल्या रॅप गाण्यांतून आलं आणि रीलवर पसरलं. जुन्या बोलीत मात्र ड्रिप म्हणजे मिळमिळीत, दम नसलेला माणूस. दोन्ही पेपरात लिहू नको म्हणा तिला.

कास्तकार_आर्वी
सगळ्यांचे लय लय आभार. काल संध्याकाळी पोरीले घेऊन बसलो. झड लागलेलीच होती, तिसरा दिवस, म्हणून बाहेर जायची गरजच पडली नाही. ओसरीतून तिनं वळचणीकडं पाहिलं, तिथं अर्ध्या भागाले टिना आहेत अन अर्ध्याले कवेलू. टिनाच्या पन्हाळीतून सरळ धार पडून रायली होती अन कवेलूच्या टोकाले एक एक थेंब लोंबून मग सुटत होता. ती म्हणे बाबा, ते ट्रिकल अन हे ड्रिप. मी काहीच सांगितलं नव्हतं. पागोळी शब्द तिले माहीत नव्हता, आई आतून म्हणे अवं पागोया म्हनत जाय, पागोयाचं पानी भांड्यात धरून आमी कपडे धुवाचो.

वाक्यं तिनं नवी लिहिली. रेनवॉटर इज ड्रिपिंग फ्रॉम द रूफ. सलाईनचं एक, डिंकाचं एक. शेवटचं लिहिलं 'माय फादर युजेस ड्रिप इरिगेशन फॉर कॉटन', पूर्ण नाव टाकून. सोमवारी वही दाखवणार आहे. एक विचारून ठेवते म्हणाली, झड ले इंग्रजीत काय म्हणायचं?

वऱ्हाडी_मास्तर
ड्रिझल लिहू देऊ नका, ते नुसतं भुरभुर. तीन-तीन दिवस न उघडणाऱ्या झडीला एका शब्दात बसवता येत नाही, 'कंटिन्युअस रेन फॉर मेनी डेज' असं सरळ लिहायला सांगा.