रस्ता मंजूर करताना जोत्याची उंची कोणी पाहते का?

धागाकर्ती: माझ्या माहेरी रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून अंगणात जावं लागायचं. सिमेंट रस्ता झाला, कडेला गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसले, आणि आता एक पायरी उतरावी लागते. जूनपासून आई फाटकाशी वाळूची पोती रचून ठेवते. वय ७१. नागपुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

रस्ता मंजूर होण्याआधी प्रस्तावाला एक पान जोडा: शेजारच्या घरांचं जोतं (पायाचा चौथरा) किती उंच, नालीचा उतार कुठे, पाणी शेवटी कुठे जाणार. ते प्रभागात लावा. झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याने हरकती मागवतात. रस्ता फूटभर उंच होणार अशी नोटीस मी तरी कधी पाहिली नाही.

निवृत्त अभियंता, मानेवाडा: ताई, त्रास खरा आहे, उपाय पटत नाही. डांबरी रस्ते दर पावसाळ्यात उखडायचे, तेव्हा लोकच सिमेंट मागत होते. आणखी एक कागद लावला की फाइल चार टेबलं जास्त फिरते आणि ३१ मार्च उलटतो. जुना थर खोदून काढायचा आणि मगच काँक्रीट टाकायचं, हे काम साइटवर नीट झालं तर पानाची गरजच नाही.

धागाकर्ती: काका, साइटवर लेव्हल तपासणारा कशाशी ताडून पाहणार? आकडा आधी लिहिलेला हवा ना!

धरमपेठकर: मला तर एक पानही अपुरं वाटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. त्याला एकटा कोणताच रस्ता कारण नव्हता. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. शहरातले आतले रस्ते त्या यादीतच नाहीत. तुकड्या-तुकड्याने मंजूर होतात, बेरीज कोणी करत नाही. नाग नदीच्या पूर्ण पाणलोटाचा हिशेब आधी मांडा.

दुकानदार, इतवारी: आणि तोवर आम्ही धूळ खायची? तुमचा हिशेब होईस्तोवर दहा पावसाळे जातील, भाऊ. मला रस्ता यंदाच पाहिजे.

निवृत्त अभियंता, मानेवाडा: आकड्याचा मुद्दा मान्य, ताई. जोत्याची पातळी अंदाजपत्रकातच लिहिता येईल, वेगळं पान नको. पण फाटकासमोरची नाली उघडी आहे का?

धागाकर्ती: गट्टूंखाली गेली, काका. दोन झाकणं दिसतात. तिसरं आम्ही अजून शोधून राहिलो.