चर्चा: जुन्या नेटबुकचा घरगुती सर्व्हर – शहाणपण की नुसती खाज?

अडीचवॅट (धागाकर्ता)

घरात २००९ सालचा असूस ईई पीसी हा नेटबुक (छोटा, स्वस्त लॅपटॉप) आहे, १००५एचए मॉडेल. अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम. एक्सपीच्या काळात चांगला चालायचा. आज त्यावर ब्राउझर उघडायचा म्हणजे चहा टाकून यायचं. भंगारवाला २०० रुपये देत होता, नाही दिला. डेस्कटॉप न घालता नुसतं डेबियन १२ (लिनक्सची एक आवृत्ती) टाकलं, मूळची १६० जीबीची डिस्क काढून पडीक एसएसडी बसवली (त्यासाठी अख्खा डबा उघडावा लागतो, नखं सांभाळा) आणि राउटरशेजारी ठेवून दिला. झाकण बंद, स्क्रीन बंद. मीटर लावून पाहिलं, ९ वॅट ओढतो. म्हणजे वर्षाला ७९ युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर ७९० रुपये.

कामं तीन. पाय-होल, म्हणजे घरातल्या सगळ्या फोनांची डीएनएस विचारणा (अमुक नावाच्या साइटचा पत्ता कोणता, ही) याच्याकडे येते आणि जाहिरातींचे पत्ते इथेच अडतात. सिंकथिंग, म्हणजे फोनमधले फोटो घरी आले की आपोआप इकडे उतरतात. आणि सांबावर (घरातल्या यंत्रांना फोल्डर वाटून देणारा प्रोग्राम) एक फोल्डर, ज्यात सातबारा, खरेदीखत, विम्याचे कागद स्कॅन करून ठेवलेत. रात्री या सगळ्याची एक प्रत भावाच्या घरच्या डिस्कवर जाते, वायरगार्डमधून, म्हणजे दोन घरांमधल्या कुलूपबंद बोगद्यातून. अ‍ॅटममध्ये एईएस या एनक्रिप्शनच्या पद्धतीसाठी वेगळी सोय नाही, त्यामुळे डिस्क एनक्रिप्ट केली की तो धापा टाकतो. पण वायरगार्ड चाचा२० ही दुसरी पद्धत वापरतं, ते त्याला बऱ्यापैकी झेपतं.

माझं म्हणणं एवढंच: १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण संपली आणि तेव्हापासून घरटी एक जण स्वतःच्याच फोटोंचं भाडं भरतोय. भाडं भरायला माझी ना नाही. पण एक प्रत स्वतःच्या घरात हवी, आणि ती ठेवायला लागणारं यंत्र बहुतेकांच्या माळ्यावर आधीच पडलेलं आहे. नवीन काहीही घ्यायची गरज नाही. पटतं का?

फुकटचा_सल्लागार

नाही पटत.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एन२७० फक्त ३२-बिट, म्हणजे जुन्या पिढीचा आहे. डेबियन १३ आलं ऑगस्ट २०२५ मध्ये, त्यात ३२-बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल (प्रणालीचा गाभा). तुमच्या १२ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या फार तर जून २०२८ पर्यंत. मग दुसरी प्रणाली? अल्पाइन? नेटबीएसडी? दर वेळी जगाने सोडून दिलेल्या फांदीवर नवी जागा शोधत बसणार?

आणि "कमी वीज" हे त्या प्रोसेसरचं खोटं कौतुक आहे. प्रोसेसर अडीच वॅटचा, पण इंटेलने त्याच्यासोबत जो ९४५ चिपसेट (प्रोसेसरच्या जोडीची चिप) दिला तो एकटा त्याच्या दुपटीहून जास्त वीज खातो. म्हणून तुमचे ९ वॅट.

खरी भीती वेगळीच. वेस्टर्न डिजिटलची माय बुक लाइव्ह आठवते? घरच्या घरी फोटो ठेवायचा डबा, अगदी तुमच्यासारख्याच लोकांसाठी. शेवटचा अपडेट २०१५ चा. जून २०२१ मध्ये लोक सकाळी उठले तर डिस्क कोरी. दूरवरून कोणीतरी फॅक्टरी रीसेट मारला होता. रीसेटपूर्वी पासवर्ड विचारणारा कोड त्यात लिहिलेला होता, पण निष्क्रिय करून ठेवलेला. जुनं, विसरलेलं आणि जाळ्याला जोडलेलं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की असं होतं.

अडीचवॅट

माय बुक लाइव्हचे डबे थेट इंटरनेटवरून दिसत होते म्हणून गेले. माझा दिसत नाही. राउटरवर एकही पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडलेलं नाही, आणि आमचा इंटरनेटवाला सगळ्या गल्लीला एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतो, त्यामुळे उघडायचं म्हटलं तरी जमणार नाही. भावाच्या घरी सार्वजनिक पत्ता आहे, जोडणी इकडून तिकडे जाते.

२०२८ चं २०२८ मध्ये बघू. तोवर २०० रुपयांचं भंगार आणखी काही वर्षं काम करेल, हे मला पुरे आहे.

फुकटचा_सल्लागार

बाहेरून दिसत नाही, मान्य. पण आत काय काय आहे? मुलांचे फोन, कुठला तरी स्वस्त टीव्ही बॉक्स, पाहुण्यांचे लॅपटॉप. २०१७ मध्ये खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आतल्या आतही पसरला होता, एसएमबीच्या (फोल्डर वाटायची पद्धत, सांबा तीच वापरतं) पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. एक सरळ प्रश्न: जुन्या टीव्हीला फोल्डर दिसावं म्हणून सांबामध्ये ती पहिली आवृत्ती चालू केलीय का?

अडीचवॅट

नाही. टीव्हीला डीएलएनए दिलंय, ती फोटो-व्हिडिओ दाखवायची वेगळी सोय. आणि ते भोक विंडोजमध्ये होतं, सांबामध्ये नव्हे.

फुकटचा_सल्लागार

बरं, ते ठीक. पण सांबाची स्वतःची भोकंही वेळोवेळी निघालीत, २०१७ च्याच मे महिन्यात एक निघालं होतं. म्हणून तर अपडेट मिळत राहणं महत्त्वाचं.

श्टुटगार्टचा_पाऊस

इथे जर्मनीत गणित उलटं होतं. वीज ३५ ते ४० सेंट युनिट. तुमचे ७९ युनिट इथे साधारण ३० युरो. इथल्या हौशी मंडळींनी म्हणून फुजित्सुच्या टाकाऊ थिन क्लायंटवर (ऑफिसातले छोटे, साधे पीसी) झडप घातलीय. फुट्रो एस७४०, ऑफिसांतून ढिगाने निघतात. सेलेरॉन जे४१०५, ६४-बिट, पंखाच नाही, निवांत असताना ४ वॅटच्या आसपास. गिगाबिट नेटवर्क. तुमच्या ईई पीसीचं नेटवर्क १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला ११-१२ मेगाबाइट. १०० जीबी फोटो हलवायचे तर अडीच तास बसा.

जुनं वापरा, पण योग्य जुनं वापरा. २००९ आणि २०१८ मध्ये फार फरक आहे.

अडीचवॅट

जर्मनीत असतो तर तेच घेतलं असतं. इथे असा थिन क्लायंट, डेलचा वाइज ५०७० म्हणा, लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सेकंडहँड मिळतो. समजा ५००० ला पडला. वाचणार ५ वॅट, म्हणजे ४४ युनिट, म्हणजे वर्षाला ४४० रुपये. वसूल व्हायला ११ वर्षं. तोवर तोही भंगारात जाईल.

अडीच तास लागले तर लागू देत, रात्री मी झोपलेला असतो.

शून्य_लोडशेडिंग

रत्नागिरीहून. इथे वीज किती वेळा जाते ते सांगत नाही, नजर लागेल. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ठेवून पाहिला होता. वीज अचानक गेली की एसडी कार्डावरची फाइल अर्धवट लिहिली जाते, पुढच्या वेळी पाय उठतच नाही. नेटबुकला स्वतःची बॅटरी आहे, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. इथे कोणी बोललंच नाही. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, घर अंधारात असलं तरी सर्व्हर आणि नेट चालू.

पण मग जुना फोनच का नको? त्यालाही बॅटरी, वीज आणखी कमी. टर्मक्स (फोनवर लिनक्सची कामं करून देणारं अ‍ॅप) टाका, झालं.

फ्यूजतार

फोन नको हो! चोवीस तास चार्जरला लावलेला फोन म्हणजे सतत शंभर टक्के भरलेली लिथियम बॅटरी, तीही गरम. फुगते. एका ओळखीच्याच्या फोनची मागची काच बॅटरीने उचललेली पाहिलीय. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ठीक, जुन्या फोनांत ती नसते.

शिवाय अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपच्या पोटातल्या प्रक्रिया ३२ च्या वर गेल्या की व्यवस्था स्वतःच मारायला लागते. ३२ सगळ्या अ‍ॅपच्या मिळून! सर्व्हर रात्री मरतो आणि सकाळी तुम्ही शोधत बसता. (टर्मक्स एफ-ड्रॉइड या दुसऱ्या अ‍ॅप-दुकानातूनच घ्या, प्ले स्टोअरवरची आवृत्ती २०२० नंतर वर्षानुवर्षं तशीच पडून होती.)

तसं पाहिलं तर १५ वर्षांहून जुन्या नेटबुकची बॅटरी तरी काय धड असणार? अडीचवॅट, किती मिनिटं टिकते?

अडीचवॅट

मूळची मेली होती. बाजारातली साधी बदली बॅटरी टाकलीय, अर्धा तास काढते. तेवढ्यात स्वतःहून नीट बंद होतो.

फुकटचा_सल्लागार

म्हणजे एसएसडी, बॅटरी... "नवीन काहीही घ्यायची गरज नाही" हे कुठे गेलं?

अडीचवॅट

एसएसडी पडीक होती. बॅटरीचा मुद्दा तुमचा.

ठेवा_बाजूला

मी सर्व्हरवाली नाही. सर्व्हरवाल्याची मुलगी आहे. बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी हे सगळं घरी केलं, वरच्या यादीत आहे तेच जवळजवळ. त्यांच्या पद्धतीने उत्तम चालायचं. मागच्या पावसाळ्यात ते काही दिवस दवाखान्यात होते आणि नेमका तेव्हाच डबा बंद पडला. घरातलं इंटरनेट "गेलं". आईने इंटरनेटवाल्याला फोन केला, तो म्हणाला आमच्याकडून सगळं चालू आहे. खरंच होतं, अडकला होता फक्त डीएनएस. हे कळायला मला पुण्याहून फोनवर आईला राउटरच्या मागचे दिवे वाचायला लावावे लागले. दवाखान्याचे कागद, विम्याची पॉलिसी, सगळं त्या डब्यात. पासवर्ड बाबांच्या डोक्यात, आणि बाबा अतिदक्षता विभागात.

तुम्ही वॅट मोजताय, ३२-बिट मोजताय. ठीक आहे. पण घरातला दुसरा माणूस हा डबा उचलून बंद करू शकतो का, आणि बंद केल्यावर घर चालू राहतं का, हे या धाग्यात कोणी विचारलेलं नाही.

फ्यूजतार

+१. राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता टाकला असता तर नेट गेलं नसतं.

अडीचवॅट

तसं होत नाही. दुसरा पत्ता "पहिला मेल्यावरच" वापरला जातो असं समजतात, प्रत्यक्षात फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे विचारतात आणि अर्ध्या जाहिराती परत येतात. म्हणून लोक टाकत नाहीत. मीही टाकलेला नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. कागदपत्रांची प्रत भावाकडे आहे आणि ती साध्या फोल्डरमध्ये आहे, कुठल्याही लॅपटॉपला लावली की उघडते. सिंकथिंगचंही तसंच, फोटो फोटोच राहतात, कुठल्या डेटाबेसात कोंबले जात नाहीत. इमिच (घरच्या सर्व्हरवर चालणारं, गूगल फोटोजसारखं) वगैरे सुंदर आहे, पण त्याला याच्या कितीतरी पट रॅम लागते आणि ते बंद पडलं की घरच्यांना काही उमगणार नाही. पाय-होलचं मात्र तुमचं बरोबर. ते मेलं की घर मरतं.

फुकटचा_सल्लागार

मग पाय-होल काढा. यूट्यूबच्या जाहिराती ते तसंही अडवत नाही, त्या व्हिडिओच्याच पत्त्यांवरून येतात. उरतं काय, फोटो आणि कागद. त्यासाठी चोवीस तास चालणारं यंत्र कशाला? यूएसबी डिस्क घ्या, महिन्यातून एकदा लावा, कपाटात ठेवा. शून्य वॅट, शून्य भोकं.

शून्य_लोडशेडिंग

महिन्यातून एकदा कोण लावतं हो? मी तर दिवाळीला लावतो. त्याही वेळी केबल सापडली तर.

अडीचवॅट

हेच. माणूस विसरतो, डबा विसरत नाही. पाय-होल काढायचं की नाही यावर घरी मतदान घेतो. मुलगा विरोधात जाणार हे आत्ताच सांगतो, त्याच्या गेममधल्या जाहिराती बंद झाल्यात.

ताई, बाबा आता कसे आहेत? आणि डब्याचं शेवटी काय केलंत?

ठेवा_बाजूला

बरे आहेत, घरी आहेत, आणि डबा पुन्हा चालू केलाय. पण राउटरमध्ये डीएनएस कंपनीचा ठेवायला लावला, आणि पासवर्ड एका कागदावर लिहून आईच्या दागिन्यांच्या लॉकरमध्ये टाकलाय. बाबांना हे सुरक्षिततेच्या दृष्टीने अजिबात मान्य नाही. जाहिराती परत आल्यात. आईने अजून तक्रार केलेली नाही, उलट तिला एक साडी आवडली.