हिराबाई पेडणेकरांचं चरित्र पुरे झालं, नाटकाचं काय?

रंगपट :
'संगीत दामिनी' लिहिणाऱ्या नाटककार हिराबाई पेडणेकरांचा विषय निघाला की गाडी ठरलेली स्टेशनं घेत धावते. सावंतवाडीचा जन्म, नायकिणीचं घर, गिरगावातली मावशी, मग नट नानासाहेब जोगळेकर, नाटककार कोल्हटकर, गडकरी आणि शेवटी कोकणातलं पालशेत. १८८५ ते १९५१ एवढं आयुष्य, आणि आपल्याला तोंडपाठ काय, तर त्यातल्या पुरुषांची यादी! 'संगीत दामिनी'तलं एक पद कोणी म्हणून दाखवेल का इथे? एखादा प्रवेश?

'दामिनी' ललितकलादर्श या नाटक मंडळीने १९१२ साली रंगभूमीवर आणलं. त्याच्या आदल्याच वर्षी किर्लोस्कर मंडळीचं 'मानापमान' आलेलं. मंडळ्यामंडळ्यांत चुरस अशी, की एक नाटक पडलं तर कर्ज डोक्यावर. अशा वेळी केशवराव भोसल्यांसारखा जाणता नट-मालक एका बाईची संहिता उचलतो. दया आली म्हणून कोणी पडदे रंगवून घेत नाही. त्यात काहीतरी चालण्यासारखं दिसलं असणार.

नाटककार वसंत कानेटकरांनी हिराबाईंच्या आयुष्यावरून 'कस्तुरीमृग' लिहिलं, ते कानेटकरांचं नाटक. पण तेव्हापासून हिराबाई पात्र झाल्या त्या झाल्याच. लेखिका म्हणून त्यांना परत आणायचं असेल तर चरित्रं, व्याख्यानं, एकपात्री प्रयोग काही वर्षं बाजूला ठेवा. संहिता नीट छापा, पदं गाऊन बघा.

जुना प्रेक्षक :
बाई, तुमचा राग कळतो, पण तुम्ही केलेलं निदान पटत नाही. हिराबाई कोल्हटकरांना गुरू मानत, आणि तीच छाप लेखनावर आहे. कल्पनेच्या कसरती, कोट्या, पदांची रेलचेल. अहो, खुद्द कोल्हटकरांचं 'वीरतनय' किंवा 'मूकनायक' आज कोण करतंय? गुरूचं नाटक धूळ खातंय आणि शिष्येचं चालेल म्हणता? ते नाटक आज उभं केलंत तर पहिल्या अंकानंतर चहाला गेलेला प्रेक्षक परत येणार नाही.

आयुष्य मात्र आजही अंगावर येतं. बुद्धी आहे, गळा आहे, लेखणी आहे, बैठकीला मोठमोठे लेखक येऊन बसतात आणि घरी नेऊन सन्मानाने बसवायची वेळ आली की सगळ्यांचे पाय मागे. लोक हे लक्षात ठेवतात यात गैर काय?

रंगपट :
गैर हेच की गडकऱ्यांबद्दल बोलताना तुम्ही आधी 'एकच प्याला' म्हणता. हिराबाईंबद्दल बोलताना आधी 'पाय मागे'.

जुना प्रेक्षक :
कारण 'एकच प्याला' टिकलं. 'दामिनी' नाही टिकलं. एवढं साधं आहे.

साथसंगत :
साधं नाहीये काका. संगीत नाटकाचं जुनं पुस्तक कधी हातात घेतलंय का? प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात 'चाल' लिहिलेली असते, कुठल्या ठुमरीची, कुठल्या गझलेची किंवा आधीच्या नाटकातल्या कुठल्या पदाची. चाल आधी, शब्द नंतर. बहुतेक नाटककार गाणारे नव्हते, त्यामुळे ते चालीच्या मात्रा मोजून शब्द बसवायचे. म्हणून कितीतरी पदांत 'हा', 'या', 'ती' असली भरताड आणि तानेच्या जागेवर नेमकं जोडाक्षर येऊन बसलेलं. गाताना दाताखाली खडा आल्याचा अनुभव मी घेतलाय.

हिराबाई गायक भास्करबुवा बखल्यांकडे गाणं शिकलेल्या. कुठल्या अक्षरावर आवाज थांबतो आणि कुठे ओढता येतो हे गळ्याला माहीत असलेल्या माणसाने पदं लिहिलीत. छापील पान चाळून ते कळणार नाही. पेटी-तबला घेऊन बसलं तरच कळेल. निकाल त्यानंतर द्या. आणि त्या काळच्या चालींतला मोठा भाग आला कुठून? बैठकीतून, गाणाऱ्या बायकांच्या घरांतून. छापताना त्यांची नावं बहुतेक गळाली, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

तळकोकणी :
मुद्दा संगीताचा करा नाहीतर साहित्याचा, जात काढल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. १९२८ साली मुंबईच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष कोण? गिरिजाबाई केळकर. त्यांचं 'पुरुषांचे बंड' १९१३चं, म्हणजे 'दामिनी'नंतरचं. तेव्हा हिराबाई हयात होत्या. त्यांना कोणी कधी त्या खुर्चीवर बसवलं? एकीच्या घराला उंबरठा होता, दुसरीच्या घराला नुसता जिना, संध्याकाळी चढायचा आणि दिवसा ओळख द्यायची नाही. म्हणूनच चरित्र बाजूला ठेवा हे मला मान्य नाही. 'दामिनी' का हरवलं याचं उत्तर चरित्रातच आहे.

जळगाव :
तळकोकणी, एक मिनिट. गिरिजाबाईंना खुर्ची फुकट मिळाली नव्हती. खाडिलकरांसारख्या बड्या नाटककाराचं 'बायकांचे बंड' १९०७मध्ये गाजलं, त्याला नाटकानेच उत्तर देणारी ही बाई. आमच्या जळगावात बायकांसाठी भगिनी मंडळ उभं केलं ते वेगळंच. हिराबाईंवर अन्याय झाला हे सांगायला गिरिजाबाईंना लहान करायची काय गरज? दोघींना एकमेकींसमोर उभं करणं हा पुरुष समीक्षकांचा जुना धंदा आहे.

तळकोकणी :
लहान करत नाहीये हो. खुर्ची कोणाला दिसते आणि कोणाला नाही, एवढंच बोलतोय.

तारीखवार :
सगळे 'पहिल्या मराठी स्त्री नाटककार' म्हणून मोकळे होतात म्हणून आठवण. सोनाबाई केरकरांचं 'संगीत छत्रपती संभाजी' १८९६चं आहे. हिराबाईंचं 'जयद्रथ विडंबन' १९०४चं. तेव्हा पहिलेपणाचा फेटा काढून ठेवा.

रंगपट :
खुशाल काढा. फेटा राहतो आणि नाटक जातं हीच तर तक्रार आहे. तळकोकणी, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याचा उपयोग बघा कसा होतो. अन्याय झाला म्हणून हळहळायचं, डोळे पुसायचे, घरी जायचं. ज्या बाईवर अन्याय झाला तिने लिहिलेलं पान उघडायचं कोणी नाही! हाही अन्यायच, आणि हा आज आपण करतोय, १९१२च्या लोकांनी नाही.

जुना प्रेक्षक :
वाचलं आणि सामान्य निघालं तर? तसं स्पष्ट लिहायची तयारी आहे का इथे कोणाची? की बाईंचं म्हणून आधीच आरती ओवाळायची ठरलीय?

साथसंगत :
माझी तयारी आहे. सामान्य पदं मी आयुष्यभर वाजवलीत, त्यांतली बरीच नामवंतांची होती. आधी चारच पदं घेऊ, दोन गाणारे मिळाले की झालं. काका, तुम्ही समोर बसा, पण चहा मध्यंतरातच मिळेल.