जत्रेचं नाटक मंडपातून हॉलमध्ये न्यायचं? तुम्हाला पटतं का?

मंडपाचा_खांब
आमचा गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. यंदा कमिटीने ठरवलंय की जत्रेच्या रात्रीचं नाटक देवळासमोर करायचं नाही, आठ दिवसांनी रविवारी संध्याकाळी तालुक्याच्या हॉलमध्ये करायचं. कारण एकच, रात्री 10 नंतर स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम तसं सांगतात, मान्य. आमच्याकडे पालखी देवळात परत यायलाच साडेदहा होतात, मग पावणी म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव, त्यात एकेका नारळावर बोली चढत बसते आणि मग कुठे नांदी. पण म्हणून नाटकच गावाबाहेर? आजी मला दुपारी चारला चटई देऊन पाठवायची, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले की त्या जागेला कोणी हात लावायचं नाही. मी नाटक बघायला म्हणून कधी गेलोच नाही, खाजं खात फेरीत, म्हणजे जत्रेच्या दुकानांत, फिरताना पेटीचा सूर ऐकू आला आणि तिथेच बसलो. हॉलमध्ये असा चुकून कोण बसणार सांगा? आणि रात्री परत यायला बस कुठे आहे?

दंव_आणि_तबला
खांबदादा, मी 20 वर्षं उत्सवी नाटकांना तबला वाजवतो म्हणून स्पष्ट बोलतो. पौषातल्या रात्री एक वाजला की दंव पडतं, चामडं ढिलं होतं, दुसऱ्या अंकात तबला उतरलेला आणि गाणारा आपल्या सुरात, मी हातोडी घेऊन ठोकत बसतो आणि तोपर्यंत पद संपलेलं असतं. बाजूला फेरीतल्या दुकानांचे जनरेटर. ज्या मंगेशीने दीनानाथ मंगेशकर आणि अभिषेकीबुवा दिले त्याच तालुक्यात आपण नाट्यपद असं ऐकवायचं? हॉलमध्ये निदान सूर तरी लागतो. शिवाय बंद सभागृहाला ती 10 ची अट तशी लागत नाही.

खाजेवाली_गल्ली
पण नियमात पुढचंही आहे ना, सण-उत्सवासाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. अडचण अशी की प्रत्येक गावाची जत्रा आपापल्या तिथीला, 15 दिवस कोणाकोणाला पुरवणार. तरी हॉलच्या भरवशावर राहू नका हेच सांगेन. पणजीतल्या कंपालची कला अकादमी 2021 ला दुरुस्तीसाठी बंद झाली ती नोव्हेंबर 2023 ला उघडली, तेवढा काळ राजधानीतलं मुख्य नाट्यगृहच नव्हतं. मंडपाला कोणी टाळं लावू शकत नाही.

दंव_आणि_तबला
मडगाव, साखळी, कुडचड्याची रवींद्र भवनं होतीच की. एक बंद पडलं म्हणून सगळे हॉल वाईट कसे?

सातेरीची_लेक
सगळे प्रेक्षकांचं आणि सुराचं बोलताय, आमचं कोणी विचारत नाही. मी गावोगावच्या नाटकांत स्त्रीपात्र करते, दोन तालमी करून थेट प्रयोगाला उभी राहते. मंडपामागे दोन बायकांनी साडी आडवी धरली आणि मी त्या आडोशाला नऊवारी नेसले, असं एकदा नाही, कितीदा झालंय. संडास कुणाच्या तरी घरी, तेही अर्धा फर्लांग अंधारात चालून. पहाटे तीनला मेकअप पुसून घरी जायला गाडी असेल तर नशीब. हॉलमध्ये आत कडी लागणारी खोली असते. मला एवढं पुरे आहे, चटईच्या आठवणी तुम्हालाच असू देत.

शेजारघर
माझं घर मंडपाला लागून, वडील दोन वर्षं अंथरुणावर. मला नाटक आवडतं, पण 10 म्हणजे 10.

मंडपाचा_खांब
बाय, तुमचं वाचून मला वाईट वाटलं, इतकी वर्षं मी पुढे बसून टाळ्या वाजवल्या आणि मागे काय चाललंय ते बघायला एकदाही गेलो नाही. ही चूक मंडपाची नाही, आमची आहे. रोषणाईवर एवढा खर्च करतो, त्यातून मागे पत्र्याची एक खोली आणि संडास उभा राहिला नसता का? आणि शेजारघर बाब, तुमचंही बरोबर, म्हणून मी कमिटीपुढे वेगळंच मांडणार आहे. नाटक पालखीनंतर नाही, आधी. साडेसहाला नांदी, दोन अंकी नाटक, साडेनवाला पडदा.

खाजेवाली_गल्ली
देवाच्या आधी नाटक? आमच्या गावात जाणती माणसं उठून जातील. पालखी फिरली की मगच माणूस निवांत बसतो. आणि साडेसहाला शेतावरून, कामावरून आलेला माणूस आंघोळ कधी करणार?

मंडपाचा_खांब
उठून जातील त्यांना हात जोडून बसवीन. नाटक हीसुद्धा देवाची सेवाच आहे असं आपणच म्हणतो ना, मग ती आधी झाली म्हणून देव रागावेल असं मला वाटत नाही.

दंव_आणि_तबला
साडेसहाला दंव नसतं. असं करणार असाल तर मी वाजवायला येतो. पण जनरेटर लांब लावा.

सातेरीची_लेक
आधी खोलीचं लेखी ठरवा, मग मला तारीख कळवा.