गोव्यातल्या घराघरांतलं वजन आणि साखर : तुमचे अनुभव लिहा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के निघालं, सगळ्या राज्यांत जास्त. आपल्याकडे मात्र ‘साखर काय, सगळ्यांनाच असते’ म्हणून विषय संपतो, आणि मला धास्ती वाटते ती याचीच. पोट सुटलं की ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात. पोटातली ही चरबीच साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, आणि आपल्या लोकांत वजन बेताचं दिसलं तरी ती असू शकते. म्हणून कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की रक्त तपासून घ्यावं. तुमच्या घरात काय झालं, काय बदललं, कुठे अडलं, ते लिहा. औषधांची नावं नकोत.

फोंडेकर
बाबांची गोळी वेळेवर असायची, त्यामुळे आम्ही निर्धास्त. मे महिन्यात ते देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालून आले. रात्री आईला पायपुसण्यावर रक्त दिसलं. तळव्यावर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि बाबांना पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक ताठ दोरा तळव्याला टेकवला. “लागला की हो म्हणा.” दोरा वाकला तरी बाबा गप्पच. आई बाजूला उभी राहून बघत होती, तिच्याने बघवेना. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने नसा अशा बधिर होतात. जखम भरेपर्यंत पावसाळा सरला. आता रोज रात्री आई बॅटरी घेऊन त्यांच्या बोटांमधल्या फटी बघते, आणि बाबा घरातही चप्पल घालतात. कुणाच्या घरी जुना मधुमेही असेल तर आजच पाय बघा.

डिचोलीची सून
सासऱ्यांच्या साखरेसाठी “भात बंद” म्हणणाऱ्याचं आमच्याकडे कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या आहारतज्ज्ञ बाईंनी आधी आम्ही काय रांधतो ते विचारलं. हुमण (माशाची आमटी) राहू दे, मासळी राहू दे, शीत (भात) निम्मं कर आणि त्या जागी तांबडी भाजी, उसळ वाढ, असं सांगितलं. उकडा तांदूळ कितीही चालतो असा सासूबाईंचा समज होता. पॉलिश केलेल्यापेक्षा तो बरा, पण माप त्यालाही हवंच. पोई, म्हणजे आमचा कोंडा लावलेला पाव, तिचंही तेच. आमच्या पोदेराला (पाववाल्याला) विचारलं, तर आत मैदाच जास्त आणि वरून कोंडा, असं त्यानेच सांगितलं. सासऱ्यांसाठी वेगळं रांधणं मी बंद केलं. सगळ्यांचं ताट एकच. चवथीला नेवऱ्या (करंज्या) होतात, पण डबे भरून नाही.

रातपाळीवाला
वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. रात्री कँटीनला भजी-पाव आणि गोड चहा, पहाटे घरी येऊन झोप. आमच्या लाइनवरचे बरेच जण चाळिशीच्या आत गोळ्यांवर आलेत. “चाला” असं सगळे सांगतात. आमच्या रस्त्याला पदपथ नाही, ट्रक अंगावर येतात. चालायचं कुठे, ते पंचायतीने सांगावं.

म्हापशाची मावशी
माझ्या भाचीला गरोदरपणात साखर निघाली. बाळंतपणानंतर नॉर्मल आली म्हणून फाइल माळ्यावर गेली. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पाजून तपासणी, आणि पुढेही अधूनमधून, हे तिला कुणीच बजावलं नव्हतं. बाळाच्या लसींच्या तारखा सगळ्या घराला पाठ होत्या. पोरींनो, आपली तारीखही त्याच कार्डावर लिहा.

पेडण्याचा
वाचून बाबांना उद्या रक्त तपासायला नेतोय. सकाळचा चहा घेतला तर चालेल?

डिचोलीची सून
उपाशीपोटी साखर बघायची तर चहा नको, नुसतं पाणी, आणि रात्रीपासून किमान ८ तास पोटात काही नको. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी मात्र जेवून गेलं तरी चालते. ती ६.५ टक्के किंवा वर आली तर मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. आईलाही घेऊन जा.